एटीएमने नोटा दिल्या नाहीत, पैसे मात्र कापले: दिवस मोजा, उशिराचे रोज शंभर रुपये तुमचे आहेत



३१ जुलैला बंदी संपते, १ ऑगस्टला बोटी निघतात आणि त्याच आठवड्यात जेट्टीजवळच्या एटीएमसमोर रांगा लागतात. खलाशांना उचल द्यायची असते, बर्फाचे पैसे रोख लागतात, जाळी दुरुस्त करणाऱ्याचे राहिलेले द्यायचे असतात. पुढे चवथ येते तेव्हा तर विचारूच नका. मशीनवर गर्दी, त्यात पावसाने लाइन जाते-येते. दरवर्षी याच दिवसांत दोन-चार जण तरी कार्यालयात येऊन सांगतात, "मशीनने नोटा दिल्या नाहीत, पण मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला. आता काय करायचं?"

बहुतेकांचे पैसे एक-दोन दिवसांत आपोआप परत येतात. ज्यांचे येत नाहीत त्यांची पायपीट सुरू होते. शाखेत गेले की "वाट बघा", "वर कळवलंय", "एटीएम आमचं नाही, त्या बँकेत जा" अशी उत्तरे मिळतात. मग पंधरा-वीस दिवसांनी, कधी महिन्याने पैसे जमा होतात आणि माणूस सुटलो बाबा म्हणून गप्प बसतो. आम्ही हे लिहितो आहोत ते अशा गप्प बसणाऱ्यांसाठी. उशिरा आलेल्या मुद्दलाबरोबर त्यांचे आणखी काही पैसे बँकेकडे राहिलेले असतात, आणि ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

नियम असा आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी सगळ्या बँकांसाठी एक परिपत्रक काढले आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचे पैसे किती दिवसांत परत करायचे आणि नाही केले तर ग्राहकाला काय द्यायचे, याचा त्यात तक्ता आहे. एटीएमबद्दल त्यात म्हटले आहे की खात्यातून रक्कम वजा झाली आणि नोटा बाहेर आल्या नाहीत, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसापासून जास्तीत जास्त पाच दिवसांत ती रक्कम स्वतःहून परत जमा करायची. बँकेतले लोक याला 'टी प्लस फाइव्ह' म्हणतात. टी म्हणजे व्यवहार झाला तो दिवस. पाच दिवसांच्या पुढे जितके दिवस उशीर होईल, त्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये बँकेने खातेदाराला द्यायचे.

यातले दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पहिला 'दिवस'. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, बँकेच्या कामाचे नव्हेत. रविवार, दुसरा-चौथा शनिवार, चवथीची सुट्टी, सगळे मोजायचे. दुसरा 'स्वतःहून'. मुद्दल परत करणे आणि शंभर रुपयांची भरपाई देणे, दोन्ही बँकेने तक्रारीची वाट न पाहता करायचे आहे. तुम्ही अर्ज केला नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही.

आपल्यातले जुने लोक, आणि खरे सांगायचे तर काउंटरवरचे काही कर्मचारीसुद्धा, अजून जुन्या नियमावर बोलतात. जुलै २०११ पासून चालू असलेल्या त्या नियमात तक्रार दिल्यापासून सात कामाचे दिवस धरत, आणि व्यवहारापासून तीस दिवसांत तक्रार दिली तरच भरपाई मिळे. तेव्हा तक्रार नाही तर भरपाई नाही हे बरोबर होते. आता तसे नाही. कोणी 'सात वर्किंग डेज' म्हणाले तर २०१९ च्या परिपत्रकाची तारीख सांगायची, आवाज चढवायची गरज नाही.

आता गेल्या मोसमातला आपल्याच एका बोटमालक सभासदाचा हिशेब बघा. नाव सांगत नाही, बँकेचेही नाही. ३ ऑगस्टला संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून दहा हजार रुपये काढायला कार्ड घातले. मशीनने खडखड केली, नोटा मोजल्याचा आवाज आला, पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आले आणि मशीन बंद पडले. मोबाइलवर दहा हजार वजा झाल्याचा मेसेज. पहाटे बोट जायची होती, तेव्हा इकडून-तिकडून उसने घेऊन खलाशांची उचल भागवली आणि ते समुद्रात गेले. आठ दिवसांनी परत आले तरी पैसे जमा नव्हते. शाखेने सांगितले वाट बघा. पैसे जमा झाले ते ३० ऑगस्टला, नुसते दहा हजार.

मोजा. ३ ऑगस्ट हा व्यवहाराचा दिवस. पाच दिवस म्हणजे ८ ऑगस्ट ही बँकेची शेवटची तारीख. ९ ऑगस्टपासून ३० ऑगस्टपर्यंत उशीर झाला बावीस दिवसांचा. म्हणजे बावीसशे रुपये. हे पैसे पासबुकात कुठेच नव्हते. शाखेत विचारले तर उत्तर मिळाले, "भरपाई द्यायची असती तर सिस्टीमने आपोआप दिली असती. दिली नाही म्हणजे तुमचं बसत नाही." हे उत्तर ऐकून दहातले नऊ जण परत फिरतात. नियमात आपोआप द्या असे लिहिले आहे, पण म्हणून सिस्टीमने दिले नाही ते देणे लागत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. आम्ही तारखा मांडून लेखी पत्र दिले, पोच घेतली, आणि अकराव्या दिवशी बावीसशे रुपये वेगळ्या नोंदीने जमा झाले. भांडण नाही, वकील नाही, एक पानाचे पत्र.

त्या प्रकरणाला एक शेपूट होते, तेही सांगून टाकतो. १० ऑगस्टला त्यांच्या इंजिनाच्या कर्जाचा हप्ता खात्यातून जायचा होता. दहा हजार कमी पडले, हप्ता परत गेला. त्यांच्या बँकेने हप्ता परत गेल्याचा आकार लावला आणि कर्ज देणाऱ्या दुसऱ्या बँकेने वेगळा दंड लावला. ८ तारखेपर्यंत पैसे आले असते तर हे घडलेच नसते, असे लिहून आम्ही दुसरे पत्र दिले. स्वतःच्या बँकेने आपला आकार परत केला. कर्ज देणाऱ्या बँकेने हात वर केले, आमचा काय दोष म्हणून, आणि त्यांच्या बाजूने बघितले तर ते चूकही नाही. तो दंड सभासदाला भरावा लागला. तेव्हा ज्यांचे हप्ते ठरलेल्या तारखेला जातात, त्यांनी पैसे अडकल्याबरोबर खात्यात हप्त्यापुरती भर घालून ठेवावी, भले दोन दिवस उसनवारी झाली तरी. शंभर रुपयांची भरपाई नियमात आहे, पण असा बाहेरचा दंड त्यात आपोआप धरलेला नाही, तो वेगळा मागावा लागतो आणि मिळेलच असे नाही.

आता मशीनमध्ये नेमके होते काय, ते थोडे समजून घेऊ, म्हणजे बँकेत काय मागायचे ते कळेल. तुम्ही रक्कम टाकली की मशीन आधी तुमच्या बँकेला विचारते, या खात्यात एवढे आहेत का. बँक आधी रक्कम वजा करते आणि मग मशीनला हो म्हणते. त्यानंतर मशीन नोटा मोजते. म्हणजे पैसे कापले जातात ते नोटा हातात येण्याच्या आधी. मध्येच नोट अडकली किंवा झडप उघडली नाही, तर मशीन उलटा निरोप पाठवते की पैसे दिले नाहीत, परत जमा करा. बहुतेक वेळा हा निरोप पोहोचतो आणि लगेच पैसे परत येतात. पण त्याच क्षणी लाइन गेली तर निरोप वाटेतच राहतो. मग तुमच्या बँकेच्या हिशेबात व्यवहार पूर्ण, आणि मशीनच्या पेटीत दहा हजार जास्त. हे जास्तीचे पैसे कधी उघडकीस येतात? नोटा भरणारी माणसे येऊन मशीन उघडतात, उरलेल्या नोटा मोजतात आणि मशीनच्या नोंदीशी ताळा करतात तेव्हा.

एटीएम दुसऱ्या बँकेचे असेल तर मध्ये आणखी एक पायरी येते. हे व्यवहार राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, नॅशनल फायनान्शियल स्विचमधून जातात. तुमची बँक त्या एटीएमच्या बँकेवर दावा लावते, ती ताळा बघून उत्तर देते. उशीर बहुधा इथे होतो. पण ते दोन बँकांचे आपसातले काम आहे. तुमचा करार तुमच्या बँकेशी, तक्रारही तिथेच. कार्ड ज्या बँकेचे, जबाबदार ती बँक. "ज्याचं एटीएम त्यांच्याकडे जा" हे उत्तर ऐकून दुसऱ्या गावची शाखा शोधत फिरू नका. कोणत्याही बँकेचे नसलेले, खाजगी कंपनीचे एटीएम असते, त्यालाही हेच लागू.

प्रत्यक्ष काय करायचे?

मशीनजवळून लगेच हलू नका. दोन-तीन मिनिटे थांबा. कधी कधी झडप उशिरा उघडते, आणि मागच्या माणसाच्या हातात तुमच्या नोटा पडायला नकोत. चिठ्ठी आली तर तिचा तिथेच फोटो काढा. हा कागद उन्हाने आणि घामाने कोरा होतो, आणि आपल्या लोकांच्या खिशात तर खाऱ्या पाण्याने दोन दिवसांत काही उरत नाही. चिठ्ठी आली नाही तर पडद्याचा फोटो घ्या, मशीनवर चिकटवलेल्या एटीएम क्रमांकाचा फोटो घ्या, आणि पैसे कापल्याचा मेसेज पुसू नका. वेळ तासा-मिनिटांसकट लिहून ठेवा. चिठ्ठीवर किंवा बँकेच्या उताऱ्यात बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, त्याला आरआरएन म्हणतात. व्यवहार शोधायला बँकेला तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

नोटा अजिबात आल्या नाहीत ही गोष्ट तशी सोपी. कमी आल्या तर जरा अवघड. दहा हजार मागितले आणि साडेनऊ हजार आले, तर नोटा तिथेच, कॅमेऱ्यासमोर, खिशात न घालता मोजा आणि तक्रारीत किती मागितले, किती मिळाले ते अचूक लिहा. घरी जाऊन मोजल्यावर कमी निघाले तर तुमचे म्हणणे लंगडे पडते.

फोनवर तक्रार केली तरी चालते, बँकेच्या अ‍ॅपमधूनही करता येते, पण तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. बोटीवर जाणाऱ्यांना हे सोपे नाही, मान्य. रात्री पैसे अडकतात, पहाटे बोट सुटते, मग आठ-दहा दिवस रेंज नाही. तेव्हा निघण्यापूर्वी घरच्या कोणाला तरी, किंवा संस्थेत आम्हाला, फोटो पाठवून ठेवा. तुम्ही समुद्रात असलात तरी पाच दिवसांचे घड्याळ चालूच असते, परत आल्यावरही भरपाई मागता येते. फक्त एक गोष्ट वाट बघत नाही, ती म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण. ते कायम ठेवत नाहीत, ठरावीक काळाने पुसले जाते. म्हणून पहिली तक्रार लवकर गेलेली बरी.

पाच दिवस उलटले की लेखी पत्र द्या. आम्ही जे पत्र दिले त्याचा मजकूर खाली देत आहोत. मराठीत दिले होते, शाखेने घेतले.

"मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझे आपल्या शाखेत बचत खाते क्रमांक ... आहे. दिनांक ... रोजी ... वाजता ... येथील एटीएम क्रमांक ... मधून रु. ... काढण्याचा प्रयत्न केला असता रक्कम खात्यातून वजा झाली, परंतु मशीनमधून नोटा मिळाल्या नाहीत. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक ... . रिझर्व्ह बँकेच्या दिनांक २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम दिनांक ... पर्यंत जमा होणे आवश्यक होते. ती अद्याप जमा झालेली नाही / दिनांक ... रोजी जमा झाली. तरी रक्कम, तसेच मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचे रु. १०० प्रमाणे भरपाई माझ्या खात्यात जमा करावी व तसे लेखी कळवावे. सोबत चिठ्ठीची / मेसेजची प्रत जोडली आहे."

दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही. शिक्का देत नसतील तर तेच पत्र पोस्टाने रजिस्टर करून पाठवा किंवा बँकेच्या ईमेलवर पाठवा. तोंडी बोलणे कितीही गोड असो, महिन्यानंतर त्याला पुरावा नसतो. शाखेतली माणसे वाईट असतात असे नाही. आमच्या शाखेतली मुले उलट मदतच करतात. पण हे पैसे शाखेच्या हातात नसतात, वरच्या कार्यालयातून येतात, आणि वर कागद गेल्याशिवाय काही हलत नाही.

कधी कधी बँकेचे उत्तर येते, "व्यवहार यशस्वी, नोटा दिल्या गेल्या." इथे अनेकजण हात टेकतात. हे उत्तर मशीनच्या इलेक्ट्रॉनिक जर्नलवरून दिलेले असते, म्हणजे मशीन स्वतःच ठेवते त्या नोंदवहीवरून. तुम्ही लेखी मागा की त्या व्यवहाराची जर्नलमधली नोंद दाखवा, त्या दिवसाच्या रोख ताळ्याचा अहवाल दाखवा, आणि कॅमेऱ्याचे चित्रण तपासा. मशीनमध्ये त्या दिवशी नेमके दहा हजार जास्त निघाले असतील तर 'यशस्वी' शब्दाला काही अर्थ उरत नाही. बँक कागद तुमच्या हातात देईलच असे नाही, पण तुम्ही मागितले होते ही गोष्ट पुढच्या पायरीवर कामाला येते.

पुढची पायरी म्हणजे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच लोकपाल योजना आहे, कुठली शाखा कुठल्या कार्यालयाखाली येते हे शोधत बसावे लागत नाही. अट एकच, आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आले पण तुम्हाला पटले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार भरता येते. इंटरनेटचे जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्रीय तक्रार कक्षाला पोस्टाने पत्र पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. फी काही नाही. तीस दिवस झाले की रेंगाळू नका, लोकपालाकडे जायलाही मुदत असते.

वकील लावायचा विचार कोणी करत असेल तर थांबा. या योजनेत वकिलामार्फत तक्रार चालत नाही, वकील स्वतःच पीडित ग्राहक असेल तर गोष्ट वेगळी. मात्र वकील नसलेल्या प्रतिनिधीला लेखी अधिकार देता येतो. तुम्ही समुद्रात असाल तर पत्नी, मुलगा किंवा संस्थेतला कोणी तुमच्या सहीच्या अधिकारपत्रावर तक्रार चालवू शकतो.

या सगळ्यात सगळ्यात मोठा धोका बँकेचा नाही, दुसराच आहे. पैसे अडकले की घाबरून माणूस मोबाइलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधतो आणि वर दिसेल तो पहिला नंबर फिरवतो. तो नंबर भामट्याचा असू शकतो. तो अगदी गोड बोलतो, "तुमचे दहा हजार दिसताहेत, लगेच रिफंड करतो," म्हणतो, आणि मग एखादे अ‍ॅप घ्यायला सांगतो किंवा ओटीपी विचारतो. दहा हजारांच्या नादात खाते रिकामे होते. बँकेचा नंबर फक्त कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. पैसे परत यायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कुठलेही अ‍ॅप लागत नाही. फसलात तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि बँकेला सांगून कार्ड बंद करा. एटीएममध्ये "दाखवा, मी करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातातही कार्ड देऊ नका.

बाजारात बसणाऱ्या भगिनींपैकी बऱ्याच जणी एटीएमला जात नाहीत, गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात. तिथेही हा घोळ होतो. अंगठा लागला, मशीन फिरत राहिले, बँक मित्र म्हणाला "झालं नाही, परत लावा," दुसऱ्या अंगठ्याला पैसे मिळाले, आणि खात्यातून मात्र दोनदा कापले गेले. या छोट्या मशीनलाही तेच पाच दिवस आणि तेच शंभर रुपये लागू आहेत. अडचण एवढीच की अनेकींकडे मेसेज येणारा मोबाइल नसतो किंवा खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो, त्यामुळे दोनदा कापले हे पासबुक भरेपर्यंत कळत नाही. म्हणून 'झालं नाही' म्हटल्यावर दुसरा अंगठा लावण्यापूर्वी शिल्लक विचारा, आणि न झालेल्या व्यवहाराचीही पावती मागा. देत नसेल तर आम्हाला सांगा.

यूपीआयचे वेगळे आहे. बर्फवाल्याला किंवा डिझेलचे पैसे मोबाइलवरून पाठवले, तुमचे कापले गेले, पण त्याच्या खात्यात पोहोचले नाहीत, तर मुदत एकच दिवसाची. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत परत यायला हवेत, त्यानंतर रोजचे शंभर. दुकानाच्या क्यूआर कोडवर दिलेले पैसे अडकले तर मात्र पाच दिवस.

खलाशांचा प्रश्न बोटमालकांनी आपला समजावा अशी आमची विनंती आहे. आपल्या बोटींवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेली मुले काम करतात. त्यांची खाती त्यांच्या गावच्या शाखेत असतात. इथे पैसे अडकले तर ती मुले कोणाकडे जाणार? शाखा हजार-दीड हजार किलोमीटरवर, भाषा वेगळी, आणि दोन दिवसांत परत बोटीवर. ते बहुधा सोडूनच देतात. एवढी रक्कम म्हणजे त्यांच्या घरचा महिना असतो. त्यांच्या बँकेची इथली कुठलीही शाखा तक्रार नोंदवून घेऊ शकते, फोनवरूनही होते. तांडेलाने किंवा मालकाने दहा मिनिटे बसून करून दिले तर काम होते.

उलटेही घडते, ते सांगायला हवे. एकदा मशीनने मागितल्यापेक्षा जास्त नोटा दिल्या म्हणून कोणी खूश झाले होते. ताळ्यात ते निघतेच, कोणत्या कार्डावर गेले तेही निघते, आणि बँक ते परत घेते. अशा वेळी स्वतः शाखेत जाऊन सांगितलेले बरे. आपण बावीस दिवसांचा हिशेब पैशापैशाने मागतो, तर त्यांचाही द्यायला हवा.

आणि हो, काउंटरवर स्लिप भरून पैसे काढले आणि कॅशियरने कमी दिले, तर हा शंभर रुपयांचा नियम तिथे नाही. नोटा काउंटर सोडण्यापूर्वीच मोजा, मागची रांग कुरकुरली तरी कुरकुरू दे. फरक निघाला तर तिथल्या तिथे सांगा, म्हणजे संध्याकाळी त्यांचा रोख ताळा लावताना तो दिसतो.

वरच्या पत्राच्या छापील प्रती संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत, रिकाम्या जागा भरून दिल्या की झाले. गेल्या वर्षभरात ज्यांचे पैसे उशिरा परत आले त्यांनी पासबुक भरून आणावे. दोन तारखा बघायच्या, कापले कधी आणि आले कधी. मधले दिवस पाचापेक्षा जास्त असतील आणि भरपाईची वेगळी नोंद नसेल, तर पत्र आम्ही बसून लिहून देऊ. लिलाव आटोपला की दुपारी या, सकाळी आम्हीही जेट्टीवरच असतो.